गंगाबाईंची चिमूटभर फोलपटं

गंगाबाई गेल्याचा त्यांच्या मुलीचा फोन आला, तेव्हा मी गॅलरीत तूरडाळच निवडत होते. त्याला आता महिना झाला. नातवंडांनो, तुम्ही तिकडे दूर; तुम्हाला ही बाई ठाऊक नाही, म्हणून लिहिते.

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. मी एका डाळ मिलमध्ये इंग्रजी पत्रव्यवहार आणि टायपिंग पाहायची. गंगाबाई डाळ निवडणाऱ्या बायकांच्या मुकादम. त्या वर्षी दुष्काळ पडला आणि फरशीवर रोज शिंपडायचं पाणी बंद झालं. तुरीची धूळ खाली बसेना. दुपारनंतर बायकांचे हात मंदावू लागले. आमचे मालक आप्पा म्हणाले, आळशी झाल्यात, सहा जणींना शनिवारी काढून टाका. ती यादी मीच टाइप केली, समास सोडून, अगदी नीटनेटकी...

गंगाबाईंनी ती माझ्याकडून वाचून घेतली. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "बाई, खुर्चीवरून समद्याच आळशी दिसतात. उद्या माझ्यापाशी सूप घेऊन बसा."

बसले. सकाळी माझा हात इतका भराभर चालला की बायका म्हणाल्या, आता आपलं काही खरं नाही. दुपारी डोळे चुरचुरू लागले, घसा खरखरला, डोकं जड झालं. चारच्या सुमाराला गंगाबाईंनी माझं निवडलेलं सूप आप्पांपुढं ठेवलं. खडे तसेच होते.

"सातवं नाव बाईंचं लिवा, आप्पा. हात थकत न्हाईत, धूळ थकवती."

आप्पांनी आठ दिवसांची मुदत दिली. गंगाबाईंनी चिमूटभर फोलपटं हवेत सोडली, ती कुठं उडतात ते पाहिलं, आणि वारा येतो त्या बाजूच्या पडवीत बायकांना बसवलं. त्याच सहा जणींची पोती दिवस मावळायच्या आत निवडून झाली. आप्पांनी यादीवर काट मारून ती माझ्या टेबलावर परत ठेवली.

पुढं कित्येक वर्षं गंगाबाईंनी रोज फोलपटं सोडून वारा पाहिला, मगच बायकांना बसवलं. स्वतः मात्र माल पाहायला डाळ भरडायच्या मशीनपाशी, धुळीतच उभ्या असायच्या. शेवटच्या भेटीत खोकल्यानं त्यांना बोलवत नव्हतं.

त्या दिवशी मुलीचा फोन ठेवला आणि सुपातली चिमूटभर फोलपटं मी हवेत सोडली. ती माझ्याच अंगावर आली. उठले, पाट पलीकडच्या कोपऱ्यात नेला, आणि राहिलेली डाळ निवडली.