श्वास घेणारा ब्लँक

“मॅडम, परत आलंय,” माझी मदतनीस अंबिका दारातूनच म्हणाली. आत यायला ती तयार नव्हती.

मी स्क्रीनजवळ गेले. ब्लँक चालू होता. भाजीवाला भाजी टाकायच्या आधी रिकामं पारडं दाखवतो ना, तसा आमचा ब्लँक. त्यात नमुना नसतो, नुसतं स्वच्छ सॉल्व्हंट, म्हणजे नमुना ज्यात विरघळवतात तो द्रव, मशीनमध्ये सोडायचं आणि काहीच दिसत नाही ना याची खात्री करायची. आणि त्या काहीच नसलेल्या ब्लँकमध्ये डायक्लोरव्हॉस दिसत होता. म्हणजे कीडनाशक. म्हणजे विष.

आमची लॅब सोलापूरच्या एमआयडीसीत आहे. डाळिंब, द्राक्षं परदेशी जायच्या आधी त्यांत औषधांचे अंश किती उरलेत ते आम्ही तपासतो. मास स्पेक्ट्रोमीटर माझ्या ताब्यात. हे मशीन म्हणजे रेणूंचं वजन करणारा काटा. पण काटा भलता नखरेल. त्याला रेणू सुटा लागतो, हवेत तरंगणारा लागतो, वर त्याच्यावर विद्युतभार लागतो. डाळिंबाचा अर्क काही असा नटून येत नाही. म्हणून तो केसाएवढ्या बारीक नळीतून ढकलायचा आणि नळीच्या टोकाला काही हजार व्होल्ट द्यायचे. अर्काचे तुषार उडतात. त्यांच्याभोवती गरम नायट्रोजन सोडायचा. थेंब सुकतो, फुटतो, परत सुकतो, परत फुटतो. शेवटी उरतो तो भार चढलेला रेणू, म्हणजे आयन. या सगळ्या प्रकाराला इलेक्ट्रोस्प्रे म्हणतात. त्याची एक वाईट खोड आहे. आपण दिलेल्या रेणूंवरच तो थांबत नाही. आसपासच्या वायूत जे काही तरंगत असेल त्यालाही भार चढवून आत पाठवून देतो.

नमुन्यात औषध असलं की स्क्रीनवरची रेष एकदाच टोकदार वर जाते आणि खाली बसते. इथं तसं टोक नव्हतं. सगळी रेषच जमिनीपासून वर उचललेली होती. आणि ती हलत होती. हळूहळू वर जायची, थोडी थांबायची, हळूहळू खाली यायची. झोपलेल्या माणसाची छाती हलते तशी.

मला भीती वाटली. सरळ सांगते. मी दुधनी गावची, व्यापाऱ्याच्या घरातली, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. पण त्या दिवशी मी पदराची टोकं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, हे अंबिकेनं नंतर मला सांगितलं.

“सॉल्व्हंट बदल,” मी म्हणाले.

“बदललं मॅडम. व्हायल नवीन घेतल्या. कॉलम काढून टाकला. सोर्स दोनदा धुतला.”

“मग तिसऱ्यांदा धू!”

बिचारीनं तो तुषार उडवायचा डबा परत धुतला. ती शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरातली, तेलुगू बोलणारी, कामाला एकदम चोख. रेष तरीही श्वास घेतच राहिली.

एवढ्यात आमचे मालक, बिराजदार सर, केबिनमधून बाहेर आले. त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं.

“मॅडम, त्या मामांना या महिन्याअखेर सोडतोय मी. आज सकाळी गेटवर उभे होते आणि तोंडातून लाळ गळत होती. क्लायंट समोर! हा माणूस पितोय.”

बिरू मामा म्हणजे आमचे रात्रीचे वॉचमन. सांगोल्याकडचे धनगर. मेंढरं कधीच विकली, बायको वारून बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. शहरात घर नाही म्हणून ड्युटी संपली की लॅबच्या मागच्या खोलीतच दिवसा झोपायचे. गेल्या काही महिन्यांत माणूस पार उतरला होता. हात थरथरायचे, अंगाला घामाच्या धारा लागायच्या. ही नोकरी गेली तर मामांनी जायचं कुठं?

“मामा पीत नाहीत, सर. बिरोबाची शपथ घेतात ते.”

“मग लाळ कशानं गळते?”

“मला काय विचारता? मी डॉक्टर आहे का?” मी फटकारलं. सर केबिनमध्ये परत गेले. मी चिडले की ते केबिनच गाठतात.

मधे मामा आपली घोंगडी खांद्यावर टाकून भाच्याच्या लग्नाला गावी गेले. त्याच काळात रेष उतरत उतरत जमिनीला टेकली. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला, थांबवून ठेवलेले रिपोर्ट सोडायला घेतले. मामा परत आले त्या दिवशी दुपारी रेष पुन्हा वर.

अंबिका माझ्या कानाशी आली. “मॅडम, मामा गेले की ते पण जातं. मामा आले की येतं.”

“गप गं.”

“खरंच मॅडम. मामांच्या अंगात कोणीतरी आहे.”

मी तिला दटावलं खरं, पण मानेवर काटा आला होता. मशीनपासून मामा कितीतरी लांब झोपतात. मधे दोन भिंती. त्यांनी मशीनला कधी हातसुद्धा लावलेला नाही. मग त्या रेषेला मामा आलेले कळतात कसे?

रागाच्या भरात मला नेहमी बरं सुचतं. स्प्रेमध्ये जाणाऱ्या दोनच गोष्टी. एक द्रव, दुसरा वायू. द्रवाचं सगळं आम्ही धुऊन-पुसून, बदलून झालं होतं. वायू मात्र तोच होता. मी कोपऱ्यातला नायट्रोजनचा सिलिंडर आणवला, आमच्या नायट्रोजन जनरेटरची नळी काढली आणि सिलिंडरची लावली.

थोड्याच वेळात रेष खाली बसली. निपचित.

“अगं बाई,” मी म्हणाले आणि स्टुलावर बसकण मारली.

आता हा जनरेटर काय, ते सांगते. नायट्रोजन विकत आणत बसायला नको म्हणून लॅबवाले तो हवेतूनच काढतात. कॉम्प्रेसर हवा ओढतो, जनरेटर त्यातला ऑक्सिजन आणि बाकीचं बाजूला काढतो, उरलेला नायट्रोजन, त्यातून निसटलेल्या थोड्याफार वाफांसकट, मशीनला. दाब कमी झाला की कॉम्प्रेसर सुरू होतो, भरला की बंद पडतो. म्हणून रेष वर-खाली होत होती. श्वास कॉम्प्रेसरचा होता. पण विष कोणाचं? कॉम्प्रेसर हवा ओढत होता ती मागच्या खोलीतून.

मी तडक मागे गेले. भरदुपार होती. बाहेर सोलापूरचं ऊन नुसतं कडकडत होतं, खोली भट्टीसारखी तापलेली. आणि त्या उकाड्यात मामा डोक्यावरून काळी घोंगडी ओढून झोपलेले, कॉम्प्रेसरच्या जाळीला अगदी लागून. घोंगडीचं एक टोक जाळीला चिकटलं होतं. कॉम्प्रेसर सुरू झाला की ते आत ओढलं जायचं, बंद झाला की सुटायचं.

मी हाक मारणार, तेवढ्यात घोंगडीच्या आतून आवाज आला.

“सरक की गं जरा. लई दाटलंय.”

मी जागच्या जागी थिजले.

“मामा?”

घोंगडी खाली झाली. मामांचे डोळे उघडे होते. बुबुळातला काळा ठिपका मोहरीपेक्षा बारीक झालेला. ते माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या बाजूला बघत हसले.

“या मॅडम, बसा. ही काय बोलंना तुमच्याशी. लाजती.”

“कोण मामा?”

“रखमा की. रोज येती आता. घोंगडी घेतली की येती. आदी नुसती पायापाशी बसायची. आता छातीवर बसती, मग दम कोंडतो. पर येती.”

रखमा म्हणजे मामांची वारलेली बायको. मी मागं वळून बघितलं. कोणी नव्हतं. असणार कोण? तरी बघितलं मी. आणि तेवढ्यात रॉकेलचा वास नाकात गेला.

“मामा, घोंगडीला काय लावलंय तुम्ही?”

“औशद. मेंढरांच्या गोचिडाचं. कसर लागली हुती, लोकर खात चालली हुती. रखमानं सूत कातलेली एवडीच ऱ्हायलीय माज्याजवळ. मग रॉकेलात घालून चोळतो मी. दर आठवड्याला. कसर मरती.”

कसर मरत होती. तिच्याबरोबर मामाही मरत होते. लाळ, घाम, थरथर, डोळ्यांतले बारीक झालेले ठिपके, दम कोंडणं. ज्या विषाचा शोध आम्ही डाळिंबात घेत होतो, ते मामांच्या अंगात रोज झोपेत मुरत होतं. या औषधांनी जिवंत वाटावीत अशी स्वप्नंही पडतात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं.

मी ओरडले तशी सगळी लॅब धावत आली. सरांनी स्वतःच्या गाडीत मामांना घातलं. एवढं मात्र कबूल करायला हवं, पिण्याचं नाव परत कधी त्यांनी काढलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळे बघितले आणि लगेच इंजेक्शन सुरू केलं. “अजून थोडे दिवस गेले असते तर झोपेतच संपले असते,” डॉक्टर म्हणाले. मी बाहेर बाकावर बसून रडले. चिडक्या माणसांना रडू आलं की आवरत नाही.

शुद्धीवर आल्यावर मामांनी एकच विचारलं. “घोंगडी कुटं हाय?”

“जाळून टाका ती,” सर मला बाजूला घेऊन म्हणाले.

“जाळू? विषारी धूर करू? आणि तुम्ही सांगणार का मामांना?”

सर गाडीकडे वळले.

मी घोंगडी घेतली. हातमोजे घालून, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवली. सोड्याच्या पाण्यात हे औषध तुटतं. मग साबण. मग गच्चीवर ऊन. मग परत सोडा. दर वेळी लोकरीचा एक धागा कापून सॉल्व्हंटमध्ये भिजवायचा आणि मशीनला द्यायचा. पहिल्यांदा रेष स्क्रीनच्या बाहेर गेली. अंबिका म्हणाली, “मॅडम, नमुन्याचं नाव काय घालू?” मी म्हणाले, “घोंगडी घाल. घाबरतेस कशाला?” डाळिंबं, द्राक्षं, डाळिंबं आणि मधेच घोंगडी. दर धुण्याला रेष खाली येत गेली. शेवटी एके दिवशी ब्लँकमध्ये आणि घोंगडीत काही फरक राहिला नाही. अंबिकेनं टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.

मामा कामावर परत आले. अंग भरलं होतं, हात स्थिर. सरांनी त्यांना पुढच्या बाजूला खिडकी असलेली खोली दिली. कॉम्प्रेसरची हवा आता गच्चीवरून पाइपनं येते. मी घोंगडी घडी करून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी तिचा वास घेतला आणि ती काखेत मारली.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. मला वाटलं, आभार मानायला आलेत.

“मॅडम, काल घोंगडी घिऊन झोपलो. पार डोईवरनं घेतली. आली न्हाय.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

“धुताना काय काय काडलंत तुमी?”

“औषध काढलं मामा. मशीनला जे दिसत होतं, तेवढंच.”

“मशीनला ती दिसली न्हाय?”

“नाही मामा.”

“व्हय,” ते म्हणाले. थोडा वेळ मशीनकडे बघत उभे राहिले आणि गेटवर निघून गेले.

त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सरांचा चहा घेतला, अंबिकेची विचारपूस केली, मला मात्र नुसती मान. आता बोलतात, पण बेताचंच. आमच्या धंद्यात येणाऱ्या नवीन पोरांना मी दोन गोष्टी सांगते. मशीनचा नायट्रोजन कुठल्या खोलीतली हवा ओढून होतो, ते पहिल्या दिवशी जाऊन बघा. आणि माणूस वाचवला म्हणून तो तुमच्यावर खूश होईल असं धरून चालू नका.