बिनकाचेची टेकडी

देवासला माझं चित्रं छापून फ्रेम करून द्यायचं दुकान आहे. चित्र जाड सुती कागदावर छापायचं, शाई नीट वाळू द्यायची, भोवती पांढऱ्या पुठ्ठ्याची रुंद किनार द्यायची आणि सागवानी पट्टीत बसवायचं, एवढंच काम. त्याने मी दमत नाही, दमते ती बोलून. काच नको, काचेत चित्राऐवजी समोरची खिडकी दिसते, हे दिवसभर समजावत असते. ऐकणारा मान डोलावतो आणि म्हणतो, "वो सब तो ठीक है दीदी, पर काँच कब लगेगा?"

शेवटी हट्टाने मी स्वतःच्या घरी, बैठकीत, बिनकाचेचं चित्र लावलं. आमच्या टेकडीचं, पहाटेचं, धूसर निळं. तो निळा उतरवताना कितीतरी कागद वाया गेले होते.

दसऱ्याच्या सकाळी सासूबाईंनी दरवर्षीसारख्या घरातल्या साऱ्या तसबिरी ओल्या फडक्याने पुसल्या आणि प्रत्येकीला गंध लावलं. आधी देव, मग वारलेले सासरे, मग टेकडी. मी आले तेव्हा कागद फुगला होता, निळा फिसकटला होता आणि टेकडीच्या माथ्यावर गंध सुकत होतं.

"अगं, वर देवी आहे ना," त्या म्हणाल्या. "तिला कशी वगळू?"



आता दुकानात मी वाद घालत नाही. एवढंच विचारते, दसऱ्याला तुमच्याकडे तसबिरी कोण पुसतं? गिऱ्हाईक म्हणतं, आई. मी काच कापायला घेते.