जवसाच्या तेलाचं मुंडण
परवा सुतार दाराला जवसाचं तेल चोळत होता, आणि त्या कडवट वासानं मला पंचाहत्तरच्या सुमाराचं मालेगाव आठवलं. तिथे माझ्यासाठी मुलगी पाहायला जायचं होतं आणि माझे केस कडब्यासारखे राठ. वहिनी म्हणाली, "भाऊजी, जवसाचं तेल चोपडा, रेशमासारखे होतीन." मी कोनाड्यातला डबा उचलला, डोक्याबरोबर मिशीलाही तेल लावलं आणि दिवसभर ऐटीत उन्हात बसलो. पण ते तेल तेव्हा आमच्या घरी काम करणाऱ्या सुतारानं कवाडांसाठी उकळून ठेवलेलं होतं, सुकलं की टणक होणारं. दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्यावर जणू पालथं घमेलं! रिठा हरला, शिकेकाई हरली. न्हावी म्हणाला, "हे केस नाई राह्यले, कवाड झालं," आणि त्यानं डोकं, मिशी दोन्ही सफाचट केली. मुलीच्या घरात शिरताच तिच्या आजोबांनी मला छातीशी धरलं. "लई वाईट झालं, बावा. बाप कधी गेला?" वडील माझ्या मागेच चपला काढत होते. "मी जिता आहो ना अजून!" ते ओरडले. आजोबांनी मला लगेच दूर सारलं. "बाप जिता असतानी मुंडन? असल्या अपशकुनी पोराले आमची पोरगी नाई देत." आतून मुलगी खुदकन हसली, चहासुद्धा आला नाही. परतताना एसटीत वडील एवढंच बोलले, "मी मरेपर्यंत तरी थांबायचं होतं." मग पुढे ते खरोखर गेले, तेव्हा माझ्या डोक्यावर एकही केस उरला नव्हता, आणि न्हाव्यानं नुसतीच मिशी काढली.