मामांनी घासून पाहिलेलं सोनं

मंडळी, आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

वडवणीहून मामा आले, ते थेट आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये. "सोन्यावर काम करतीस म्हणं, दाखव की."

मी काचपट्टी हातात दिली. तिच्यावर सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा गुलाबी थर होता. रक्ताच्या थेंबातला आजाराचा रेणू त्याला चिकटला, की थरातून जाणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो आणि यंत्राला ते कळतं.

मामांनी ती अंगठ्यानं खसाखसा घासली. थर निघाला! "खोटं हाय हे. काचेला कशापायी लावतीस? लग्न कर, गळ्यात खरं घाल."

सांगा, सोनं फक्त गळ्यातच शोभतं का?

मी मामांना म्हणाले, "उद्या नवी पट्टी करते. परत या. पण अंगठा खिशात ठेवा आणि रक्ताचा थेंब द्या."