लेडीजमध्ये दहा नंबर

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही, ते साचत जातात. आमच्या स्टाफरूममध्ये तर ते माझ्या पायांमुळेच साचलेत. पाय दहा नंबरचे, पुढून पसरट, शिवाय अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलेलं. सगळे हसतात, मीही हसते. पण खरं सांगू? नाजूक पट्ट्याची, नीट बसणारी एक लेडीज सँडल मला कितीतरी वर्षांपासून हवी आहे.

*

मुरूम गावातल्या चपलांच्या दुकानदारानं सगळा माळा उपसला. शेवटी घाम पुसत म्हणाला, "मॅडम, लेडीजमधी एवढं माप येतच न्हाय. जेंट्समधी दावू का? काळ्या घ्या, कुणाच्या ध्यानात येत न्हाय."

माझ्या येतं ना!

*

त्या काळ्या चपला भाड्याच्या खोलीबाहेर काढल्या. थोड्या वेळानं घरमालकीण काकू चहाचे दोन कप घेऊन दारात. आत डोकावत म्हणाल्या, "पावण्यास्नी बी आणलाय."

मी एकटीच राहते. दोन्ही कप मीच प्यायले.

*

पीटीचे सर म्हणाले, "मॅडम, एक नंबर कमी घ्या. पायाला सवय होते आपोआप."

भाचीच्या लग्नात हौसेनं तसं केलं. अक्षता पडल्या तेव्हा मी मंडपामागं अनवाणी उभी होते.

*

तामलवाडीचं स्थळ आलं होतं. निघताना मुलाचे मामा चुकून माझ्याच चपला घालून गेले. संध्याकाळी फोन आला, "मुलीच्या भावाच्या चपला आल्यात आमच्याकडं."

आमचे अण्णा सरळ माणूस. म्हणाले, "तिला भाऊ न्हाय. तिच्याच हैत त्या."

दुसऱ्या दिवशी चपला परत आल्या, निरोप काही आला नाही. हा किस्सा मी रंगवून सांगते, पण त्या रात्री मला जेवण गेलं नव्हतं.

*

यंदा धाराशिवला मापानं सँडल करून देणारे एक कारागीर सापडले. सोबत आई होती. ती जन्मभर अण्णांच्याच जुन्या चपला वापरत आलेली. रस्ताभर मला बोलत होती, "पायाचं काय येवढं कौतुक? चालता आलं म्हंजे बास."

कारागिरांनी माझा पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. मरून रंगाचा पट्टा ठरला. मी आनंदानं तो पट्टा पायावर धरून बघत राहिले.

तेवढ्यात आई उठली. अण्णांची चप्पल काढून तिनं त्या कागदावर हळूच आपला पाय ठेवला. रेषेला रेषा जुळली.

माझ्याकडं न बघता ती कारागिरांना म्हणाली, "भाऊ, ह्येच माप माझं बी धरा. पर माझी टाच जरा उंच ठेवा."