भीती न वाटणारे आकाराम

कोल्हापुरात प्रत्येकाला कसला ना कसला नाद असतोच. शिवाजी पेठेतले आकाराम पोवार उद्यमनगरातल्या फौंड्रीतून रिटायर झाले आणि पुस्तकांच्या नादाला लागले. तीही कसली? भुतांची आणि जग बुडाल्याची. आपल्याला घाबरवणारं एक तरी पुस्तक कुणी लिहिलंय का, हे त्यांना बघायचं होतं. जन्मभर वितळलेल्या लोखंडासमोर उभा राहिलेला माणूस. नरकाचं वर्णन वाचलं की म्हणायचे, "एवढीच व्हय भट्टी?"

पुस्तक परत करताना ते काउंटरवरच्या अनुजाला निकाल सांगत, तोही अख्ख्या वाचनालयाला ऐकू जाईल असा. "ह्या लेखकाला माणसं सांभाळता येत न्हाईत, म्हणून मारत सुटलाय." भुतांच्या कादंबऱ्यांवर त्यांचा आक्षेप वेगळाच होता. "बंगला कायम गावाबाहेर का असतोय? भूत आमच्या पेठंत येऊ दे की. तालमीतली पोरं आधी इचारतील, पावणं कुठलं? च्या पाजल्याबिगर सोडायची न्हाईत." जगबुडीच्या एका जाडजूड कादंबरीत तिसऱ्याच दिवशी शेजारी शेजाऱ्याचा गळा धरतो, तेव्हा तर ते भडकलेच. "महापुरात आमच्याकडं भाकरींचा ढीग लागलता. खाणारी माणसं हुडकाय लागली. ह्यानं पूर बघितलाय का कवा?"

खरं सांगायचं तर यातला निम्मा तोरा होता. पण वाचायचे मन लावून, हे कबूल करायला हवं. इतकं मन लावून की घरात कोण आलं, कोण गेलं, पत्ता नसायचा. सोमवारी त्यांची बायको चिमणाबाई गडहिंग्लजला भावाकडे निघून गेली, ती आपल्या पुस्तकांना कंटाळूनच, असं ते धरून चालले होते. चार दिवस निवांत वाचायला मिळणार म्हणून मनातून खूशही होते.

शुक्रवारी सकाळी ते वाचनालयात आले ते चूक सापडल्याच्या आनंदात.

"अनुजा, हे बघ. जगात नवराबायको दोघंच उरल्यात. म्हातारा पाणी हुडकाय निघालाय, आन् दारात बायकोला म्हणतोय, 'जातो'. घरातनं निघताना 'जातो' कोण म्हणतंय? 'येतो' म्हणत्यात. भाषांतर करणाऱ्याला एवढं कळू नये?"

अनुजाने पान वाचलं. "चूक न्हाय काका. आपण परत येत न्हाय, हे त्याला ठावं हाय. म्हणून 'येतो' म्हणत न्हाय तो."

आकारामांनी पुस्तक ओढून घेतलं, ती ओळ पुन्हा वाचली, आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. सोमवारी चिमणाबाई पिशवी घेऊन उंबऱ्यात उभी होती. "जाते मी," असंच म्हणाली होती. इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता. आणि त्याआधी बराच वेळ ती काहीतरी सांगत होती. काय बरं? डॉक्टरचं काही होतं. हातातल्या पानावर त्या वेळी कोण मेलं, हे त्यांना नावानिशी आठवत होतं. बायको काय म्हणाली, ते काही केल्या आठवेना.

पुस्तक काउंटरवर तसंच टाकून ते बाहेर पायरीवर आले आणि फोन लावला.

"अगं, सोमवारी तू काय सांगत हुतीस?"



"गळ्यात गाठ हाय म्हणत हुते. हितं तपासाय दिलीया, उद्या कळंल. तुमी म्हणालता, पान संपू दे."

आकाराम पायरीवर खालीच बसले. आपली आपल्यालाच लाज वाटली त्यांना.

"येऊ मी तिकडं?"

"कशाला? तुमास्नी कशाचं भ्या वाटत न्हाय."

"वाटतंय," ते म्हणाले. "लई वाटतंय गं."

"मला बी," चिमणाबाई म्हणाली. "या लवकर."