गयाबाईच्या दारातल्या गाड्या

गाडी भरली की प्लग काढता येतो. किस्से मात्र भरतच राहतात! दुसरबीडच्या यार्डात मी बिनड्रायव्हरच्या भाड्याच्या गाड्यांना चार्जिंग लावतो. कुठल्या गाडीनं कुठं उभं राहायचं, ते पुण्याचा कॉम्प्युटर ठरवतो. आमचे साहेब फक्त म्हणतात, "काका, सिस्टीम शिकते आहे!"

*

गावातले एक म्हातारे वारले. सगळा गाव या गाड्यांनी स्मशानात जाऊन आला. कॉम्प्युटरला वाटलं, जागा चालते! दुसऱ्या दिवशी सगळ्या गाड्या स्मशानाच्या फाटकाशी रांगेत. नव्वदीचे भिकाजीबुवा तिकडं फिरायला गेले होते. तिथूनच ओरडले, "माह्या नावाचं बुकिंग कोनं केलं बे?"

हसलो खरे. पण त्याच सकाळी गावाच्या टोकाला गयाबाई पिशवी घेऊन दारात उभी होती. तिला दिवसाआड डायलिसिसला, म्हणजे रक्त धुवायला, तालुक्याला जावं लागतं. गाडी आलीच नाही. संध्याकाळी तिचे पाय सुजून टम्म.

मी म्हणालो, "साहेब, एक गाडी तिच्या दारात राहू द्या ना."

"तिथे डिमांड नाही, काका!"

*

बॅटरी उतरली की गाडी आपली आपण यार्डात येते. एकदा वरातीत बँड रेंगाळला आणि गाडी नवरदेवाला घेऊन सरळ माझ्यापुढं! मुंडावळ्या बांधलेला नवरदेव आत घामाघूम. मी मुकाट्यानं प्लग लावला. तेवढ्यात मांडवातून नवरीच्या मामाचा फोन, "काका, नवरदेव किती टक्के झाला?"

*

उन्हाळ्यात टपरीवरची पोरं गाडी बोलावून एसीत बसत, चहा पीत आणि तिथंच उतरत. साहेब खूष, "बघा, डिमांड!" सगळ्या गाड्या टपरीपुढं. गयाबाईची फेरी पुन्हा हुकली.

मी पोरांना एवढंच म्हणालो, "एसीत बसा. पण गाडी गयाबाईच्या दारात बोलवा."

"काऊन काका?"

"तिथं ती उभी राह्यते म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून चहा गयाबाईच्या ओट्यावर!

*

महिन्याभरात पुण्याहून दोन मोठे साहेब आले. डिमांडच्या नकाशावर सगळ्यात लाल ठिपका गयाबाईच्या दाराचा. "इथे आहे तरी काय? मॉल? कॉलेज?"

समोर पत्र्याचं घर, एक शेळी आणि गाड्यांची रांग.

गयाबाई पिशवी घेऊन बाहेर आली, पहिल्या गाडीत बसली. दोघा साहेबांकडं बघत थोडी सरकली.

"या ना भाऊ. तुमचंबी रक्त धुवायचं हाये काय? बसा, जागा हाये."